येणे बाकी

आमच्या भागात खंडोबासुद्धा रजेवर येतो. अणदूर आणि नळदुर्ग ही शेजारशेजारची दोन गावं. देऊळ दोन्हीकडं, पण देवाची मूर्ती एकच. सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. देव हलवायच्या वेळी दोन्ही गावचे मानकरी बसून रीतसर कागद करतात. देव असला तरी लेखी असलेलं बरं, असा आमच्याकडचा रोकडा व्यवहार.

भिंगऱ्याची बायको लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मला म्हणाली होती, "भावजी, आमच्या घरचं बी त्या खंडोबावानीच हाय. पावणेदोन महिने आमचा, बाकी पलटणीचा." फौजेची वार्षिक रजा साठ दिवसांची. त्यातून रेल्वेत आणि एसटी स्टँडवर गेलेले दिवस वजा केले की हिशेब बरोबर तिथंच यायचा.

भिंगऱ्या हे अर्थातच त्याचं खरं नाव नाही. खरं नाव मी लिहिणार नाही, कारण "माझ्यावर काय लिहिलंस तर माझं नाव घालू नगंस" असं त्यानं मला दोनदा बजावलं होतं. तो एका जागी ठरत नसे म्हणून शाळेत भिंगरी, मग भिंगऱ्या. पुढं गावानं त्याला 'फौजी' केलं, केस पिकल्यावर 'फौजीआबा'. भिंगऱ्या म्हणणारे शेवटी आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि त्याची थोरली बहीण. आता ती म्हणणार कुणाला आणि मी म्हणणार कुणाला, हा प्रश्नच आहे.

आमचा जन्म १९५० चा, तो माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून आत, नळदुर्गाच्या पलीकडं, जिल्हा उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. त्या रस्त्याला आमच्या बालपणात फार मान होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली ती याच रस्त्यानं, आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. माझी आजी सांगायची, "ज्वारीच्या फडातनं बघितले बाबा ते रणगाडे. कासवं चालल्यासारखे." रझाकारांच्या भीतीनं बायाबापड्या महिनोन् महिने रानात झोपलेल्या. त्यामुळं 'मिलिट्री' हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्या देवाच्या नावासारखा उच्चारत. त्या मिलिट्रीत आपलं पोरगं घालावं असं मात्र कुणाला सुचत नसे. ते साताऱ्याकडच्या लोकांचं काम.

त्याचे आजोबा निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. पाटील-कुलकर्ण्यांचे जुने कागद वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडं यायचे. संध्याकाळी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या धाब्यावर, बसून ते नातवाला अलिफ बे गिरवायला लावत आणि मी शेजारी बसून जोंधळ्याचे हुरड्याचे दाणे खात असे. एकदा ते आम्हाला नळदुर्गचा किल्ला बघायला घेऊन गेले. बोरी नदी तिथं चक्क किल्ल्याच्या आत बांधून घातलेली आहे. बांधाच्या पोटात पाणीमहाल, आणि पावसाळ्यात त्याच्या अंगावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. तिथल्या फारशी शिलालेखावर बोट फिरवत आजोबांनी अर्थ सांगितला होता, की हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंचे आंधळे होतील. भिंगऱ्यानं विचारलं, "मंग आपलं काय हुईल?" आजोबा म्हणाले, "तुम्ही डोळं झाका अन् डबा खा." त्या उर्दूचा उपयोग पुढं कुठं होणार आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

१९६८ साली मॅट्रिक नापास झाल्यावर तो सोलापूरला हॉटेलात कपबशा विसळायला म्हणून गेला आणि भरतीत उभा राहून आला. छाती भरली, उंची भरली. बेळगावहून पहिलं पोस्टकार्ड आलं त्यात दोनच ओळी होत्या. 'इथं पहाटे पळवतात. जेवण पोटभर आहे.' दुसरी ओळ त्याच्या आईनं माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला. तिथून तो पहिल्या बटालियनमध्ये गेला, जिला 'जंगी पलटण' म्हणतात. १७६८ साली उभी राहिलेली पलटण. "आपल्या गावच्या पारापेक्षा जुनी हाय," असं तो सांगायचा. पाराचं वय त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

मग १९७१.

त्या डिसेंबरात मी उस्मानाबादला डीएड करत होतो. खोलीवर रेडिओ नव्हता. रात्रीच्या बातम्या ऐकायला एका सायकल दुकानासमोर उभे राहायचो. ढाका, जेसोर, सिल्हेट ही नावं कानावर पडायची, त्यात जमालपूर कधी आलं असेल तर माझ्या लक्षात राहिलं नाही. पुढं मी मिळेल तिथून त्या लढाईबद्दल वाचलं. जमालपूर म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं ब्रह्मपुत्रेच्या काठचं गाव, आत पाकिस्तानची ३१ बलुच बटालियन पक्की मोर्चेबंदी करून बसलेली. आपल्या ९५ माउंटन ब्रिगेडनं समोरून डोकं न आपटता नदी ओलांडली आणि गावाच्या पाठीमागं जाऊन टांगाईलकडं जाणारा रस्ता धरला. तो रस्ता धरणाऱ्यांत पहिली मराठा होती. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी एका माणसाच्या हाती आत पत्र पाठवलं, शरण या म्हणून. उत्तर आलं ते कागदात गुंडाळलेली एक गोळी घेऊन. तिथला कर्नल सुलतान अहमद मोठा तिखट माणूस असावा. तुमची लेखणी फार चांगली चालते असं दिसतं, पण पुढच्या भेटीत हातात स्टेनगन दिसू दे, अशा अर्थाचं त्यानं कळवलं होतं.

हा किस्सा भिंगऱ्याला फार आवडे. मी मास्तर झाल्यावर तर अधिकच. माझ्या हातात पेन दिसला की, "मास्तर, तुझी कलम लई चालती. स्टेन कुठाय?"

१० डिसेंबरच्या रात्री आतली फौज वेढा फोडून टांगाईलच्या रस्त्यानं निघाली आणि अंधारात मराठ्यांच्या मशीनगनसमोर आली. भारतीय बाजूच्या वर्णनांत मेलेल्यांचा आकडा दोनशेच्या वर जातो. भिंगऱ्या एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, दोन नंबरला होता. एक नंबरचा गडी गोळी चालवतो, दोन नंबरचा मॅगझिन बदलतो आणि नळी तापून लाल झाली की नळी बदलतो. मध्यरात्रीनंतर एक नंबरला गोळी लागली. त्याला बाजूला ओढून ह्यानं गन घेतली आणि उजाडेपर्यंत एकट्यानंच चालवली. नळी बदलताना अंधारात मूठ चुकली. त्याच्या उजव्या तळहातावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली होती, नव्या नाण्यासारखी. रेषाच उरल्या नव्हत्या. तुळजापूरला एका जोशानं त्याचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि सव्वा रुपया परत दिला.

त्याबद्दल त्याला सेना मेडल मिळालं. चांदीचा गोल, त्यावर उभी संगीन, फीत लाल आणि मधून एक बारीक पांढरी रेघ.

पण युद्धानंतर तो रजेवर आला ते १९७२ च्या अखेरीस, आणि १९७२ म्हटल्यावर आमच्या वयाच्या माणसाला लढाई आठवत नाही. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, त्या साली तर आलाच नाही. विहिरींचे तळ दिसत होते. गावानं हलगी लावून त्याला वेशीपासून मिरवत आणलं, पाटलांनी फेटा बांधला, अन् मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपली तशी माणसं पांगली ती थेट खडी फोडायच्या कामावर. मस्टरवर खाडा पडू नये म्हणून. हलगीवाल्यानंही खांद्यावरची हलगी घरात टेकवली आणि हातोडी घेऊन तो निघाला.

दुसऱ्या दिवशी भिंगऱ्या कामावर हजर. मुकादमानं हात जोडले, "फौजी, तुमचं नाव मस्टरवर कसं घालू? सरकारी माणूस तुम्ही." हा म्हणाला, "मायचं हाय की नाव. तिच्या नावावर फोडतो." ती रजा त्यानं आईच्या शेजारी गोणपाटावर बसून खडी फोडण्यात घालवली. दुपारी सुकडी वाटायचे. रेशनला लाल मिलो मिळायची, तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडायची. आई त्याला म्हणे, "तिकडं पोटभर होतं, हितं कशाला आलास रं." त्याच्या तळहाताची नवी कातडी हातोडीच्या दांड्यानं पुन्हा सोलली. मी सुट्टीत गावी आलो होतो. मी त्याला विचारलं ते एवढंच, जे सगळं गाव विचारत होतं आणि पुढं पन्नास वर्षं विचारत राहिलं: "किती मारलेस रं?"

तो म्हणाला, "मोजायला उजेड नव्हता."

ह्यावर आम्ही हसलो. मला वाटलं, विनोद केला.

मधली वर्षं मी पटकन सांगतो, कारण त्यात पावणेदोन महिन्यांच्या तुकड्यांशिवाय माझ्याकडं काही नाही. त्याचं लग्न झालं, मुलं झाली. दोन्ही मुलांच्या जन्माच्या वेळी तो उत्तरेत कुठंतरी होता. आजोबा गेले तेव्हाही. १९८८ ला तो हवालदार म्हणून पेन्शनवर आला. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. गावात त्याची एक सवय लवकरच सगळ्यांना कळली. तो कुणाची उधारी ठेवत नसे. किराणावाल्याकडं सुटे नसले तर सामान तिथंच ठेवून घरी जाई, पैसे आणून मग उचली. खिशात सदैव एक छोटी वही असे, मधोमध रेघ मारलेली, डावीकडं 'येणे', उजवीकडं 'देणे'. विडीचं बंडलसुद्धा त्यात लागायचं. लोक हसायचे. आम्हाला वाटे, पलटणीतली शिस्त.

तोवर मी गावच्याच शाळेत मास्तर होतो. १९८९ च्या पंधरा ऑगस्टला मी त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. तो म्हणाला, "मला बोलाया येत नाय." मी म्हणालो, "मी लिहून देतो, तू वाच." इथून माझी गोष्ट सुरू होते. मला जे सांगायचं आहे ते हेच आहे, आणि सांगायला मी इतका वेळ लावला.

मी चांगलं लिहीत असे. निदान पंचक्रोशीत तसं बोललं जाई. फुलस्केपचे दोन कागद भरून मी त्याला द्यायचो. धडाडत्या तोफा, सळसळतं रक्त, शत्रूची दाणादाण. 'छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही गर्जना करत आम्ही तुटून पडलो, असं एक वाक्य दर वर्षी असायचंच. त्या रात्री तुटून पडण्याचा प्रश्न नव्हता, दबा धरून गप्प बसायचं होतं, हे मला वाचून ठाऊक होतं. तरी लिहायचो. तो छातीवर मेडल लावून, चष्मा पुसून, एकेक शब्दावर बोट ठेवत वाचायचा. पोरं टाळ्या वाजवायची. मला सरपंच म्हणायचे, "मास्तर, कार्यक्रम झाला बगा."

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, आदल्या संध्याकाळी कागद घेऊन तो घरी आला. "ह्ये कंठस्नान म्हंजे काय रं?"

'शेकडो शत्रूंना कंठस्नान घातले' असं मी लिहिलं होतं. पेपरात असतं तसं. मी मास्तरकीनं फोड करून सांगितली: कंठ म्हणजे गळा, गळा चिरल्यावर जे रक्त येतं त्यानं घातलेली आंघोळ. तो थोडा वेळ कागदाकडं बघत राहिला. "आंघोळ," म्हणाला. मग घडी घालून निघून गेला. सकाळी त्यानं ते वाक्य वाचलं, न अडखळता.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बुडवून लोक उशिरा निजलेले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आमच्या गावात भांडी पडली, भिंतींना चिरा गेल्या, गुरांनी दावी तोडली, पण जीव कुणाचा गेला नाही. उजाडताना रस्त्यावरून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी सांगितलं: किल्लारी गेली, सास्तूर गेलं.

आमच्याकडची घरं कशी असायची ते आता पत्र्याखाली आणि स्लॅबखाली वाढलेल्या मुलांना सांगावं लागतं. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि वर माळवद. माळवद गळू नये म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा. बापानं दिला त्यावर लेकानं दिला. उन्हाळ्यात घर गार, थंडीत उबदार, आणि डोक्यावर पिढ्यान्पिढ्यांचं ओझं. त्या पहाटे ते खाली आलं.

भिंगऱ्यानं पहार, टिकाव, दोर घेतला आणि एका ट्रकच्या हौद्यात चढला. त्याच्या मागून आम्ही सात-आठ जण. सास्तुरात गल्ली कुठली आणि घर कुठलं काही उमगत नव्हतं. दगडांचा एकच सडा. लोक आक्रोश करत होते, नावं घेऊन हाका मारत होते, आणि हा एका ढिगावर पालथा पडून दगडाला कान लावत होता. एकदम उठून ओरडला, "गप! समदे गप बसा!" आई हरवलेल्या माणसाला, लेक हरवलेल्या बाईला तो गप्प बसायला सांगत होता. मला त्याचा राग आला. लोक बिचकून थांबले. त्या शांततेत खालून कुठूनतरी बारीक आवाज आला, मुलीचा असावा. कुठून ते कळेना. इकडं उकरावं तर तिकडून, तिकडं जावं तर इकडून. मग लोकांचा धीर सुटला, रडारड पुन्हा सुरू झाली, आणि तो आवाज परत ऐकू आला नाही.

मग पाऊस लागला. लष्कराच्या गाड्या आल्या. जवान उतरले तसा तो त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला, काहीतरी बोलला, आणि पाच मिनिटांत त्यांच्या रांगेत दिसेनासा झाला. मी दोन दिवसांनी परत आलो. वास सहन होईना. तो अकरा दिवसांनी आला.

तेव्हा सगळा मुलूख उघड्यावर झोपत होता. धक्के चालूच होते. आम्हीही खळ्यात प्लास्टिकचा कागद ताणून पडायचो. आला त्या रात्री तो माझ्या शेजारी येऊन आडवा झाला आणि बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "मास्तर, सास्तुरात मला एक वही घावली. दुकानदाराची. उधारीची."

मी गप्प राहिलो.

"समदी नावं. कुणाचे बारा रुपये, कुणाचे चाळीस. पानंच्या पानं. आन् आम्ही त्याच नावाची मानसं पेटवायलो होतो. त्यांच्याच घरच्या तुळया घालून."

मग त्यानं मला जमालपूरची सकाळ सांगितली, बावीस वर्षांनी, मी न विचारता. उजेड झाला तसा रस्ता दिसायला लागला. साहेबांनी विचारलं, उर्दू कुणाला येतं? ह्यानं हात वर केला. मेलेल्यांच्या खिशातले कागद वाचून, त्यात नकाशा, हुकूम असं काही कामाचं आहे का ते बघायचं होतं. हाताला फडकं गुंडाळलेलं, डाव्या हातानं तो कागद उलगडत होता, आजोबांनी शिकवलेलं अलिफ बे आठवत. एकाच्या खिशात लांबट चिठोरी निघाली. उधारीची यादी. त्यांच्या पलटणीत कुणी लंगरवाला किंवा दुकान चालवणारा असावा. नावं आणि पुढं माल. साबण. बुटाचं पॉलिश. शेवया, साखर. साबण. सुईदोरा. एकाच्या नावापुढं साडेसात रुपये आणि खाली रेघ. त्या साली रमजानची ईद नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होती, हे मी नंतर पंचांगावरून ताडलं. म्हणजे शेवयांची उधारी तीन आठवड्यांची.

"साहेब म्हनले, काय हाय? मी म्हनलं, कामाचं काय नाय. टाकून दे म्हनले." तो थांबला. "मला एवढंच वाटलं मास्तर, की घेनारे बी हितंच पडल्यात आन् देनारा बी. आता ह्ये कुनी कुनाला द्यायचं?"

थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्यात साबन लई होता रं. तू लिवतूस ती आंघोळ."

मला काही बोलता आलं नाही. वर प्लास्टिक फडफडत होतं.

आता कुणालाही वाटेल की त्यानंतर मी ती भाषणं लिहायची बंद केली असतील. नाही केली. १९९४ च्या पंधरा ऑगस्टला मी पुन्हा दोन फुलस्केप भरून त्याच्या हातात दिले. कंठस्नान तेवढं गाळलं होतं. त्या वर्षी तालुक्याहून एक मोठे पाहुणे येणार होते आणि मला कार्यक्रम चांगला व्हायला हवा होता. भिंगऱ्या उभा राहिला, कागदाकडं पाहिलं, घडी घालून खिशात ठेवला आणि पोरांना म्हणाला:

"रातच्याला दाराला आतनं कडी लावू नगा. दारात पोती रचू नगा. माळवदावर औंदा माती टाकू देऊ नगा, तुमच्या बापाला माझं नाव सांगा. आन् उशाला शिट्टी ठेवा. मानूस ओरडून ओरडून दमतं, घसा बसतो. शिट्टीला दम लागत नाय. वाजली की आमाला कळंल, कुठं हायसा."

एवढंच. मेडलवर एक शब्द नाही, देशावर नाही. पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी घाम पुसला. टाळ्याही धड वाजल्या नाहीत, कारण संपलं हे पोरांना कळलंच नाही. पुढच्या आठवड्यात तो सोलापूरला जाऊन पोतडीभर शिट्ट्या घेऊन आला आणि शाळेच्या दारात उभा राहून एकेकाला वाटल्या. त्यानंतर महिनाभर माझा एक तास सुरळीत झाला नाही. गणिताच्या मधेच कुणीतरी वाजवायचं. मी त्या हिसकावून घेत गेलो आणि टेबलाच्या खणात टाकत गेलो. भिंगऱ्या एकदा ते बघून गेला. काही बोलला नाही.

१९९५ ला मी कागद दिला आणि त्यानं तो वाचला. त्यानंतरही वाचत राहिला, २००७ पर्यंत. मी २००८ ला निवृत्त झालो. त्याला कधी विचारलं नाही की बाबा, का वाचतोस. उत्तर मला माहीत होतं. मी सांगितलं म्हणून. पलटणीत वीस वर्षं काढलेला माणूस.

शेवटची काही वर्षं आम्ही संध्याकाळी पारावर बसायचो. त्याला ऐकू कमी येई, त्यामुळं मीच बोलायचो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो गेला, झोपेत, पत्र्याच्या खोलीत, दाराला आतून कडी न लावता. माजी सैनिक आले, तिरंगा आला. कुणीतरी मला म्हणालं, मास्तर, दोन शब्द बोला. मी मान हलवून मागं सरलो. पहिल्यांदाच.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला मुलगा घरी आला. हातात ती वही. अनेक वह्यांतली शेवटची, पण जुनं न फिटलेलं सगळं दर वेळी नव्या वहीत उतरवून घेतलेलं. "काका, बाबानं सांगितलं होतं, माझ्या माघारी समद्यांकडं जाऊन यायचं. जे फिटलं ते खोडायचं." सकाळपासून तो गावभर फिरत होता. पिठाच्या गिरणीचे दहा रुपये देऊन आला होता, एका भावकीतल्याकडून पाचशे घेऊन आला होता. पानं बहुतेक खोडलेली. चष्मा लावून मी बघितलं. डावीकडं, येणे खाली, त्याच्या त्या ठसठशीत बाळबोध अक्षरात लिहिलं होतं:

मास्तर. शिट्ट्या ३१. भाषणं १८.

"शिट्ट्याचं मला आठवतंय," मुलगा हसला. "त्यातली एक माझीच होती. पन ह्ये अठरा कशाचं?"

मी बोटांवर मोजायला लागलो. एकोणनव्वद ते दोन हजार सात. एकोणीस भरले. पुन्हा मोजलं, पुन्हा एकोणीस. हिशेबात तो कधी चुकत नसे. तिसऱ्यांदा मोजताना चौऱ्याण्णवच्या बोटापाशी आलो आणि ते बोट मिटून घेतलं.

"खोडू का काका?" मुलानं पेनचं टोपण काढलं होतं.

"राहू दे," मी म्हणालो.